बोटांनी वाचायचा नकाशा

नकाशा ही डोळ्यांनीच पाहायची वस्तू, असे आपण सारे धरून चालतो. शाळेत भूगोलाचा तास सुरू झाला की भिंतीवर नकाशा लागतो आणि दृष्टिहीन मुलाला 'तू नुसते ऐक' असे सांगितले जाते. मला हे मान्य नाही. आरोग्याच्या सदरात नकाशाचे काय काम, असे काही वाचक विचारतील, म्हणून आधी तेच सांगतो.

दृष्टी गेलेला माणूस घराबाहेर पडेनासा झाला की त्याचे चालणे सुटते, झोप बिघडते, मन खचते. बाहेर न पडण्याचे कारण पुष्कळदा पायांत नसते. रस्ता डोक्यात बसलेला नसतो, हे खरे कारण असते. 'डावीकडे वळा, मग सरळ जा' हे तोंडी सांगणे एका वाटेपुरते उपयोगी पडते. वाट चुकली की ते संपले! मारुती मंदिर, जयस्तंभ, एस.टी. स्टँड आणि मांडवीचा किनारा एकमेकांच्या कोणत्या अंगाला आहेत, हे एकदा मनात पक्के झाले की चुकलेला माणूसही पुन्हा वाटेला लागतो. हे काम उठावाचा नकाशा करतो.

केंद्र सरकारच्या कोलकात्यातील 'नॅटमो' या संस्थेने २०१७ साली भारताचा ब्रेल ॲटलास प्रसिद्ध केला. परंतु देशाचा नकाशा निराळा आणि आपल्या गावाचा निराळा. गावाचा आपणच करायला हवा आणि तो फारसा अवघड नाही. जाड पुठ्ठ्यावर सह्याद्रीसाठी काथ्या चिकटवावा, नद्यांना सुतळी, समुद्राला वाळू, कोकण रेल्वेला ओवलेले मणी. मग बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड अशा खाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडे मुलाच्या बोटाखाली एकामागून एक येतात. नद्या डोंगरातून निघून पश्चिमेला किती लवकर समुद्र गाठतात, हे त्याला पाठ करावे लागत नाही.

छापील नकाशातील प्रत्येक रेघ मात्र उंच करू नये. सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके बोटाला एकच भासतात. ब्रेलच्या टिंबांत अडीच मिलिमीटरचे अंतर असते ते उगाच नव्हे. म्हणून एका नकाशात मोजक्याच गोष्टी घ्याव्यात आणि बाकीच्यांसाठी दुसरा नकाशा करावा.

आणखी एक गोष्ट वैद्यकीय आहे आणि ती हमखास विसरली जाते. मधुमेहाने ज्यांची नजर गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या बोटांची संवेदनाही त्याच रोगाने मंद झालेली असते. उतारवयात त्यांना ब्रेल शिकणे जड जाते. त्यांच्यासाठी जाड, ठसठशीत रेघा हव्यात आणि सोबत कुणीतरी बोलून सांगायला हवे. अंधुक दिसणाऱ्यांना मोठी अक्षरे आणि गडद विरोधी रंग पुरतात. पिवळ्यावर काळे चांगले दिसते. (ज्यांची नजर मोतीबिंदूने मंदावली आहे त्यांनी नकाशाची वाट पाहत बसू नये, आधी डोळे तपासून घ्यावेत!)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले आहे. पण आपल्याकडे सुगम सोय म्हटली की दारापाशी उतार बांधला जातो आणि काम झाले असे समजतात. आत शिरल्यावर डोळ्यांचा विभाग कोणीकडे, हे दृष्टिहीनाने कोणाला विचारायचे? माझ्या मते सुरुवात रुग्णालये आणि एस.टी. स्टँड येथून व्हावी.

नकाशा तयार झाला की डोळसांनी डोळे मिटून तो तपासू नये. ती परीक्षा खरी नव्हे, कारण आपल्या बोटांना सवयच नसते. मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. अशा शाळेतील मुलांच्या हाती तो द्यावा आणि ती सांगतील तसा बदलावा. मग तो कमरेच्या उंचीवर, किंचित तिरपा बसवावा. आणि कृपा करून त्यावर काच लावू नये.