कामाची कदर

"मोठे झाल्यावर तुम्ही कोण होणार?" हा प्रश्न तुम्हांला आजवर अनेकांनी विचारला असेल. घरी आलेले पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात आणि आम्ही शिक्षकही विचारतो. उत्तर एका शब्दात द्यावे अशी सर्वांची अपेक्षा असते. डॉक्टर, इंजिनियर, शिक्षिका, पोलीस. तुम्हीही त्यांतला एखादा शब्द पाठ करून ठेवलेला असतो.

प्रश्न वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माणूस आयुष्यात एकदाच काहीतरी होतो आणि शेवटपर्यंत तेच राहतो, असे हा प्रश्न मानतो. प्रत्यक्षात तसे घडते का? मालेगाव किंवा भिवंडीसारख्या गावात राहणाऱ्या मुलामुलींनी आपल्या घराचाच विचार करावा. आजोबा हातमागावर लुगडी विणत होते. मुलगा यंत्रमागावर गेला. नातू मोबाइल दुरुस्त करतो. आता यंत्रमागांच्या जागी बिनधोट्याचे नवे माग येत आहेत आणि तिथे पूर्वीपेक्षा कमी माणसे लागतात. एका घराच्या तीन पिढ्यांत तीन कामे झाली. कित्येकदा तर एकाच माणसाला आयुष्यात तीन-चार कामे करावी लागतात.

काम बदलले की माणसाची किंमतही बदलते का? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. दरवर्षी जूनमध्ये आम्ही वर्गात माहितीचे तक्ते भरून घेतो. त्यात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. काही मुले तिथे येऊन थांबतात. इकडेतिकडे पाहतात आणि तो रकाना मोकळा सोडतात. कोणी नुसते 'धंदा' असे लिहितो. अब्बांचा कारखाना बंद पडला आहे आणि आता ते हातगाडीवर फळे विकतात, हे लिहायला त्या मुलाची लेखणी उचलत नाही. तो मुलगा खोटे बोलत नसतो. लोक कामावरून माणसाची किंमत ठरवतात, हे त्याला आठवीतच कळलेले असते.

ही समजूत चुकीची आहे, असे मला ठामपणे वाटते. माझे म्हणणे मी एका शब्दाच्या आधाराने सांगतो. 'कसब' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत कसब म्हणजे कमाई, रोजी मिळवणे. हाच शब्द मराठीत आला आणि त्याला 'कौशल्य' असा अर्थ मिळाला. मराठी माणूस म्हणतो, "त्याच्या हातात कसब आहे." शब्द एकच, पण एका भाषेत त्याचा अर्थ कमाई आणि दुसऱ्या भाषेत हुनर. तुम्ही दोन्ही भाषा शिकता, म्हणून हे दोन्ही अर्थ तुमच्याजवळ आहेत. पहिला अर्थ पोट भरतो. दुसरा अर्थ मनाला समाधान देतो. कमाईचे साधन हातातून जाऊ शकते, पण अंगी आलेले कौशल्य कोणी काढून घेऊ शकत नाही.

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म 1896 साली मुंबईत झाला. आज जग त्यांना पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखते. पण तरुणपणी ते ब्रह्मदेशात गेले होते ते घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी. तिथल्या रानात धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक लागले. परत आल्यावर त्यांनी हिशेबाचे आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. आज या संस्थेला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तिथे येणाऱ्या लोकांना माहिती सांगणे हे त्यांचे काम होते. पक्ष्यांचा नीट अभ्यास करण्यासाठी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. 1930 मध्ये परत येऊन पाहतात तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय सुमारे चौतीस वर्षांचे, हाताला नोकरी नाही आणि विद्यापीठाची पदवीही नाही.

तेव्हा ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपण उर्दूत ज्याला बया म्हणतो, तोच हा पक्षी. सलीम अली तासन्‌तास बसून या पक्ष्यांचे निरीक्षण करू लागले. मराठीत या पक्ष्याला सुगरण असे बाईचे नाव आहे, पण घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येते आणि घरटे पारखते. ते तिला पसंत पडले, तर नर उरलेले काम पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणायला घेतो. हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचे नाव जाणकारांमध्ये पसरले. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. 1976 मध्ये सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. म्हणजे लोकांनी कदर केली, पण त्याला अनेक वर्षे लागली. किहीमला एकटे बसून टिपणे लिहीत होते, तेव्हा त्यांच्याजवळ ना पद होते, ना पगार. कसब मात्र तेव्हाही तेच होते.

दुसरे उदाहरण कवी नारायण सुर्वे यांचे. लहानपणी ते अनाथ होते. मुंबईतील एका गिरणी कामगाराने त्यांना आपले नाव दिले आणि वाढवले. सुर्वे यांनी गिरणीत काम केले. पुढे ते महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले. नंतर परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. तास संपल्याची घंटा वाजवणारा माणूस खडू हातात घेऊन वर्गात उभा राहिला, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. 1962 मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला आणि 1995 मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सुर्व्यांनी आपली जुनी कामे कधी लपवली नाहीत. गिरणी, चाळ आणि कामगार हेच त्यांच्या कवितेचे विषय झाले. जुने काम त्यांच्या नव्या कामाचे भांडवल ठरले.

आता कोणी विचारील, "सर, ही तर मोठी माणसे. सर्वांचे असे कुठे होते?" ही शंका रास्त आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप चिघळला. पुढे अनेक गिरण्या बंद झाल्या आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. कोणी भाजी विकली, कोणी पहारेकरी झाले, कोणी गावी परतले. त्या माणसांनी हौसेने काम बदलले नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. अशा माणसाला "मनासारखे काम शोधा" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखवणे होय. त्याला आधी रोजगार हवा, नवे काम शिकण्याची सोय हवी आणि आपल्या माणसांचा आधार हवा. पैसा देणे प्रत्येकाला जमत नाही. मान देणे मात्र आपल्या सर्वांच्या हातात असते.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. वीस वर्षे ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो उघडून नीट करणे हे त्यांचे काम. कारखाना विकला गेला आणि चाचा घरी बसले. काही महिन्यांनी त्यांनी एका लहानशा गाळ्यात पाण्याच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करायला सुरुवात केली. मोटार सुरू करून ते क्षणभर कान देतात आणि बिघाड कुठे आहे ते सांगतात. हे कसे जमते असे विचारले, तर म्हणतात, "बेटा, वीस वर्षे मागांचा खडखडाट ऐकला आहे. कोणता आवाज चुकीचा, ते कान ओळखतो." मागाचे काम गेले, पण मागाने तयार केलेला कान त्यांच्याजवळ राहिला. आज लांबून लोक त्यांच्याकडे येतात आणि त्यांना उस्ताद म्हणतात.

कदरीची गोष्ट निघाली आहे, तर घरातल्या कामाकडेही पाहू या. पुष्कळ घरांत अम्मी, खाला, आपा घरकाम सांभाळून कांड्या भरतात, कपडे शिवतात, भरतकाम करतात. "आई काय करते?" असे विचारले तर मुले सहज सांगतात, "काही नाही, घरीच असते." हे उत्तर बरोबर आहे का? ज्या हातांनी भरलेल्या कांडीवर माग चालतो, त्या हातांना 'काही नाही' म्हणणे हा अन्याय आहे. कदर बाहेरच्या जगाने करावी असे वाटत असेल, तर तिची सुरुवात आपल्या उंबरठ्याच्या आत झाली पाहिजे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या आयुष्यातही कामे बदलतील. आज जी यंत्रे नवी आहेत, ती तुमच्या डोळ्यांदेखत जुनी होतील. त्याची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. जे काम हाती घ्याल, ते मुळापासून शिका. अर्धवट शिकलेले पुढच्या कामात उपयोगी पडत नाही. भाषा नीट शिका. उर्दू तुमच्या घरची आहे. मराठी आली तर राज्यातील कचेरी, बाजार आणि कारखाना यांची दारे तुम्हांला सोपी होतील. शिक्षणाचे वय संपले असे कधी मानू नका. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हाताचे काम शिकता येते. नाशिकला 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, ते नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. पहिल्या बाकावर पुन्हा बसण्यात कमीपणा नाही.

आणि कोणत्याही कामापुढे 'नुसता' हा शब्द लावू नका. नुसता शिपाई, नुसता हमाल, नुसती शिवणकाम करणारी, असे बोलताना आपण माणसाला लहान करतो आणि आपणही लहान होतो. कोणाची विचारपूस करताना ते कोणत्या हुद्द्यावर आहेत एवढेच विचारू नका. त्यांना काय काय येते, हेही विचारा. आज संध्याकाळी घरी गेल्यावर अब्बांना आणि अम्मीला हा प्रश्न विचारून पाहा. मग तक्त्यातला तो रकाना मोकळा सोडावासा वाटणार नाही. उलट लिहायला जागा अपुरी पडेल.