माहिती आमची, दप्तर त्यांचे : बीबीएच्या पोरांनी एमआयएस का शिकावे

मावळातल्या वस्त्यांमध्ये फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते. "बीबीए केले काय नि बी.कॉम. केले काय, शेवटी रिसॉर्टच्या काउंटरलाच उभे राहायचे." कार्ले-लोणावळ्यात आपली पोरे तिथे उभी आहेतच, त्यामुळे हे खोटे म्हणायची सोय नाही. दुसरे वाक्य चळवळीतल्या वडीलधाऱ्यांचे. "मॅनेजमेंट हा शेटजींचा विषय. एमपीएससी करा, नाहीतर वकील व्हा." या दोन वाक्यांच्या कात्रीत बीबीएचा आपला विद्यार्थी सापडतो आणि 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम' हा पेपर गाइड आणून आदल्या रात्री पाठ करतो. आमचे म्हणणे असे की अख्ख्या बीबीएत आपल्यासाठी सर्वांत राजकीय विषय कोणता असेल तर तो हाच.

वडीलधाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे. 1918 मध्ये बाबासाहेब प्राध्यापक झाले ते कुठे? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे कॉमर्सच्या कॉलेजात, आणि तिथे त्यांनी अर्थशास्त्र शिकवले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1953 मध्ये मुंबईत कॉमर्सचे स्वतंत्र कॉलेज काढले. हिशेबाचे शास्त्र शेटजींना आंदण द्यावे असे बाबासाहेबांना वाटले नव्हते. मग आपल्याला का वाटते?

काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला उत्तर देणे मात्र अवघड आहे. त्याच्यासाठी विषयातच शिरावे लागेल.

एमआयएसच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक पिरॅमिड असतो. तळाला रोजचे व्यवहार, मध्ये मॅनेजरचे अहवाल, टोकाला मालकाचे निर्णय. तळाला जमते तो 'डेटा', वर जाते ती 'इन्फर्मेशन'. परीक्षेत या दोन शब्दांतला फरक हमखास विचारतात. आता हा पिरॅमिड रिसॉर्टवर ठेवून बघा. पाहुणा कुठून आला, किती रात्री राहिला, काय खाल्ले, हे सगळे आपला पोरगा संगणकात भरतो. कोणत्या महिन्यात दर वाढवायचा आणि किती माणसे कमी करायची, हे त्याच आकड्यांवरून वर ठरते. आकडे त्याने भरले, पण अहवाल त्याला दिसत नाही.

ही वाटणी आपल्याला नवी आहे का? शिवेचा वाद निघाला की गाव महाराची साक्ष काढत असे. कोणता बांध कुणाचा, कोणता दगड कधी हलला, हे त्याला तोंडपाठ असे. दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या घरी. माहिती आमची आणि दप्तर त्यांचे. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यांच्या कलमकसाईपणावर एवढे का लिहिले, ते एमआयएस शिकताना नीट कळते. आजही मावळात वतनाच्या जमिनीसाठी आपली माणसे हेलपाटे घालतात तेव्हा भांडण सातबाऱ्यावरच्या एका ओळीचे असते. सातबारा ऑनलाइन आला, पण चुकलेली ओळ ऑनलाइन आल्याने दुरुस्त होत नाही.

आमच्या अभ्यासिकेत बीबीएच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी येते. मळवलीहून लोकलने कॉलेजला जाते. तिची शिष्यवृत्ती अडकली होती. महाडीबीटीवर अर्ज भरलेला, कागद जोडलेले, आधार बँकेला जोडलेले, तरी पैसे नाहीत. कॉलेजात विचारले की "वरून आले नाही" एवढेच उत्तर. एका रविवारी ती एमआयएसची वही घेऊन बसली. त्यात इनपुट, प्रोसेस, आउटपुट, फीडबॅक अशी आकृती होती. आम्ही म्हटले, "ताई, हीच आकृती तुझ्या अर्जाची काढ." तिने वहीच्या मागच्या पानावर काढली. विद्यार्थी, कॉलेजचा लिपिक, प्राचार्य, समाजकल्याणचे जिल्हा कार्यालय, मग बँक. कोणत्या टेबलावरून अर्ज पुढे सरकलेला नाही, ते पोर्टलच्या स्थितीवरून पाच मिनिटांत कळले. अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून होता.

दुसऱ्या दिवशी तिने लिपिकाला "माझे पैसे कधी येणार" असे विचारलेच नाही. तिने लेखी विचारले, "आपल्या लॉगिनला आज किती अर्ज प्रलंबित आहेत आणि सर्वांत जुना कोणत्या तारखेचा?" पहिल्या प्रश्नात विनवणी आहे, दुसऱ्यात अहवालाची मागणी. तिच्यासोबत वर्गातल्या आणखी सात जणांचे अर्ज त्या आठवड्यात पुढे गेले. आम्ही मोर्चा काढणारी माणसे, मोर्चाचे मोल आम्हाला ठाऊक आहे. पण मोर्चात काय मागायचे ते अशा प्रश्नातून ठरते.

"संगणकाला जात कळत नाही," असे काही मित्र म्हणतात. संगणकाला नसेल कळत, पण आडनावाचा रकाना आणि पत्त्याचा रकाना वाचणाऱ्याला कळते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला 2020 च्या डिसेंबरात घ्यावा लागला, तो उगाच नाही. आणि उलट बाजूही आहे. जो रकाना ठेवलाच नाही त्याचा अहवाल निघत नाही. जातवार मोजणी 1931 नंतर दर जनगणनेत टळत आली, 2011 च्या वेगळ्या सर्वेक्षणातले जातींचे आकडे बाहेर आले नाहीत, आणि जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने घेतला तो 2025 मध्ये. रकाने कोण ठरवतो, हा एमआयएसचाच धडा आहे.

रकान्यांची गोष्ट आमच्या कार्ल्याच्या चैत्यातही आहे. एकवीरेच्या रांगेतून थोडे बाजूला होऊन आत जा. धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, धेनुकाकटचाच सुतार सामी, अशी नावे दगडात आहेत. गाव, धंदा, नाव, दान काय. या दोघांच्या लेखांत जातीचा रकाना नाही. ज्या उषवदाताने इथल्या भिक्षूंना वर्षावासासाठी गाव दिले, त्याचाच नाशिकचा लेख तर जमाखर्चच आहे. विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, व्याज महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला 240, त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मुद्दल मोडायचे नाही. आणि हे सारे निगमसभेत वाचून दाखवले, फलकावर नोंदवले. (त्याने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली, तेही तिथेच कोरलेले आहे. सोयीचे तेवढेच वाचू नये.)

हे आम्ही अभ्यासिकेत मोठ्या अभिमानाने सांगत होतो. ती मुलगी ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, मग आपल्या विहाराच्या जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कुठल्या फलकावर आहे?" आम्ही कपाट उघडले. पावतीपुस्तके निघाली, दोन वह्या निघाल्या. तिसरी वही जुन्या कमिटीच्या खजिनदारांकडे आहे म्हणतात. पुढच्या रविवारी ती आणि तिच्या वर्गातली दोन पोरे रकाने आखायला येणार आहेत, आणि वही आणायची जबाबदारी आमच्यावर टाकली आहे.