खेडची लढाई आणि सोयीचे विस्मरण

१/ महाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला शिवछत्रपतींचे नाव आहे. तेथून चाकणमार्गे पुढे गेले की खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. ऑक्टोबर १७०७ मध्ये तेथे मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. एका पक्षाचे धनी शिवछत्रपतींचे नातू शाहू, दुसऱ्याच्या त्यांच्या सूनबाई ताराबाई.

२/ लोकस्मृतीत औरंगजेब मरतो आणि पुढच्याच पानावर बाजीराव उत्तरेकडे निघतो. १७०७ ते १७३१ या चोवीस वर्षांची यादवी ‘भाऊबंदकी’ या एका शब्दात गुंडाळली जाते. शब्द सोयीचा आहे, म्हणूनच फसवा आहे.

३/ भाऊबंदकी बांधावरून होते. येथे प्रश्न होता, राज्य कोणाचे? शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, पण १६८९ पासून मोगलांच्या कैदेत. ताराबाई १७०० पासून मुलाच्या नावाने औरंगजेबाशी झुंजलेल्या. वारसा मोठा की राखलेल्या राज्यावरचा हक्क? दोन्ही दाव्यांत बळ होते.

४/ ‘मोगलांनी फूट पाडली’ हे आवडते उत्तर. आझमशाहाने शाहूंना सोडले त्यामागे तो डाव होताच. पण ठिणगी बाहेरची असली तरी गंजी घरचीच होती. ताराबाईंनी धाडलेले धनाजी जाधव खेडला शाहूंना मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूने लढले. हे निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

५/ दुसरे उत्तर ‘ताराबाईंची सत्तालालसा’. औरंगजेबापुढे जी जिद्द शौर्य ठरते, तीच शाहूंपुढे हट्ट कशी होते? स्त्रीच्या माथी खापर फोडले की सरदारांच्या हिशेबाची चौकशी टळते.

६/ शंकराजी नारायण सचिवांचे काय? ताराबाईंशी इमानाची शपथ, समोर संभाजीपुत्र. या पेचात त्यांनी भोरजवळील आंबवडे येथे आत्मार्पण केले. ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ या दोनच रकान्यांच्या इतिहासात त्यांना कोठे बसवणार?

७/ फुटीची किंमत दोघांनीही मोजली. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. १७१४ मध्ये तेथेही सत्तापालट होऊन त्याच कैदेत पडल्या. पुढे शाहूंनी १७१९ मध्ये मोगल बादशहाकडून सनदा मिळवल्या, तर कोल्हापूरच्या संभाजींनी निजामाचा हात धरला.

८/ १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये कागदावर आली. वारणा ही सीमा ठरली. फाळणीला तहाची मोहोर लागली, तरी तिला आजही ‘घरगुती तंटा’च म्हटले जाते.

९/ अमेरिकेने गेटिसबर्गचे रणांगण जपले आहे, जेथे एकाच देशाची माणसे एकमेकांवर तुटून पडली. यादवीच्या अर्थावरून तेथे अजून वाद होतात; पण वाद होण्यासाठी आधी आठवण शिल्लक असावी लागते.

१०/ खेड विसरल्याने शिवछत्रपतींचा गौरव वाढत नाही. राज्य शत्रूच्या तोफांपुढे टिकूनही आपसांतल्या अनुत्तरित प्रश्नावर दुभंगू शकते, एवढा मात्र धडा हरवतो. क्रीडासंकुलाच्या कमानीवर नाव कोरणे सोपे आहे. त्या नावाच्या वारसांनी एकमेकांवर शस्त्र का उचलले, हे मुलांना सांगणे अवघड आहे. इतिहासाचे काम तेथूनच सुरू होते.