मूळचे कुठले?

मागच्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा शिकलेला, वाळूजला नोकरी, दर रविवारी उपासनेला हजर. दोन्ही घरं तीन-चार पिढ्यांची ख्रिस्ती. पोहे झाले, प्रार्थना झाली, आणि मग आत्याने अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं. आत्याला गाव नको होतं, हे त्यांनाही कळलं असणार. नंतर त्यांचा फोन आला नाही, आम्हीही केला नाही.

मी तिथेच बसलो होतो. गप्प.

दृढीकरणाच्या वर्गात आम्ही इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय घोकला होता. पायाच्या सहा गोष्टी: पश्चात्ताप, विश्वास, बाप्तिस्मा, हात ठेवणे, पुनरुत्थान, न्याय. आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. पण पाया आपण पाठांतरासाठी ठेवलाय आणि घर भलत्याच जमिनीवर बांधलंय, असं हल्ली वाटतं.

हात ठेवण्याचंच बघा ना. आपल्याला त्यावरून आठवते ती पाळकांची दीक्षा, बिशप, झगे, फोटो वगैरे. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हात ठेवले गेले ते एका भांडणानंतर. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. पहिलीवहिली मंडळी, प्रेषित डोळ्यांसमोर, आणि तरी 'आपले' आणि 'त्यांचे' होतंच! मग सात माणसं निवडली. स्तेफन, फिलिप्प.. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाची पळी बहुधा त्यांच्याच माणसांच्या हातात दिली गेली, आणि त्या हातांसाठी प्रेषितांनी आपले हात ठेवले. आमच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. (किंवा सांगितलं असेल, माझं लक्ष खिडकीबाहेर असेल.)

पुढे अंत्युखियात खुद्द पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. विषय जेवणाचाच होता. आपल्याला जातीचा विषय निघाला की तो 'समाजाचा' वाटतो, पौलाला तो सुवार्तेचा वाटला.

आणि आपण तर मराठवाड्यातले. जालना इथून तासा-दीड तासावर. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यासाठी जमीन मिळवली. तिथे आले ते बरेचसे मांग आणि महार समाजातले लोक. एकोणिसाव्या शतकात! त्या माणसाने काय काय सोडलं असेल, आणि आलेल्यांनी काय काय सोसलं असेल. आणि आपण त्यांचीच पतवंडं पोह्यांच्या बशीवरून विचारतो, मूळचे कुठले.

कुणी म्हणेल, लग्नात घराण्याच्या चालीरीती बघाव्याच लागतात. बघा की. मुलगा पितो का, आईशी कसा बोलतो, कर्ज किती आहे, सगळं विचारा. मी स्वतः विचारीन. पण जो प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाला असं आपण मानतो, तो पुन्हा वर काढायचा असेल तर बाप्तिस्म्याच्या दिवशी केक कापण्यापलीकडे आपण करतो तरी काय?

हे आत्या वाचणार, तिचा नातू तिला वाचून दाखवतो. आत्या, रागावू नकोस. प्रश्न तू विचारलास, पण उत्तराची वाट मीही बघत होतोच.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. वेदीपाशी असताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं, असं प्रभूने डोंगरावर सांगितलं. त्या मुलाच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊन येईन म्हणतो. स्कूटरवर मागे जागा आहे, आत्या.