आज नाही जमणार!

शुक्रवारी रात्री साडेअकराला ‘जूडी’ लावला तेव्हा माझा प्लॅन एकदम साधा होता. जुनं हॉलिवूड, झगमगीत गाऊन्स, दोन-चार गाणी, थोडंसं रडू आणि मग मस्त झोप! तुमचंही असंच होत असेल ना? आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं घातलं की वीकेंडला डोक्याला ताप नको असतो. पण पिक्चर संपला तेव्हा झोप पार उडाली होती, आणि मला चक्क माझी पहिली नोकरी आठवत होती. का, ते सांगते.

आधी ज्यांना जूडी गार्लंड फारशी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जन्म १९२२चा, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. खरं नाव फ्रान्सेस गम. धड तीन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बहिणींबरोबर स्टेजवर. तेराव्या वर्षी, १९३५ मध्ये, एमजीएम या बड्या स्टुडिओनं तिला करारात बांधलं. १९३९ मध्ये आला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’, आणि दोन वेण्यांची, चौकड्यांच्या फ्रॉकमधली डोरोथी जगभर पोचली. आवाज तर असा, की १९६१ मधल्या तिच्या कार्नेगी हॉलच्या कॉन्सर्टच्या रेकॉर्डला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे ग्रॅमी मिळवणारी ती पहिली बाई!

आता तुम्हाला वाटेल, पिक्चरमध्ये हे सगळं असेल. अजिबात नाही. रूपर्ट गूल्ड या दिग्दर्शकानं २०१९च्या या सिनेमात तिचा फक्त शेवटचा हिवाळा घेतलाय. पीटर क्विल्टरच्या नाटकावर तो बेतलाय. १९६८ची अखेर. जूडी शेहेचाळीस वर्षांची. डोक्यावर टॅक्सची थकबाकी, स्वतःचं घर नाही, आणि हॉटेलचं बिल थकल्यामुळे खोलीही गेलेली. मध्यरात्री दोन लहान मुलांना घेऊन ही जगप्रसिद्ध बाई घटस्फोटित नवऱ्याच्या दारात उभी राहते. मुलं जवळ ठेवायची तर पैसे हवेत. पैसे मिळवायचे तर लंडनला जाऊन ‘टॉक ऑफ द टाउन’ या नाइटक्लबमध्ये पाच आठवडे गायला हवं. म्हणजे मुलं जवळ राहावीत म्हणून मुलांनाच सोडून जायचं! घरी पाळणाघराचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेल्या कुणालाही हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

म्हणूनच मी म्हणते, हा पिक्चर गाण्यांचा कमी आणि नोकरीचा जास्त आहे.

लंडनमधली पहिली रात्र बघा. हॉल खच्चून भरलाय, बँड तयार आहे आणि मॅडम बाथरूमचं दार लावून आत बसल्यात. बाहेर क्लबनं तिच्या दिमतीला दिलेली रोझलिन नावाची तरुण मुलगी टेन्शनमध्ये. शेवटी रोझलिन आत शिरते, तिचा चेहरा-केस नीट करते आणि अक्षरशः ढकलून तिला स्टेजवर पाठवते. दोन-तीन सेकंद वाटतं, आता ही पडणार. आणि मग ती गाते. असं गाते, की अंगावर काटा येतो. टाळ्यांचा कडकडाट!

आपण काय म्हणतो अशा वेळी? “बघा, जमलं ना? उगाच नाटकं करत होती.” इथेच खरी गोम आहे. जमलं, म्हणजे ती बरी आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. उद्याही जमणारच, परवाही जमणारच.

हे तिच्या अंगात कुणी भिनवलं, ते पिक्चर मधूनमधून मागे जाऊन दाखवतो. स्टुडिओचा बॉस लुई मेयर त्या पोरीच्या शेजारी उभा राहून गोड आवाजात तिला सुनावतो, की तुझ्यापेक्षा सुंदर मुली गावोगावी आहेत. जाडी होशील म्हणून खायला नाही. भूक मारायला आणि दिवसभर जागं ठेवायला एक गोळी, रात्री झोपायला दुसरी. फोटोसाठी तिचा खोटा वाढदिवस साजरा होतो, केक येतो, पण खायला मनाई! हे पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का. गोळ्यांबद्दल जूडीनं स्वतःच पुढे सांगितलेलं आहे. एमजीएमनं पंधरा वर्षं तिच्याकडून काम करून घेतलं. मग ती वेळेवर येईना, सेटवर कोसळू लागली, तेव्हा १९५० मध्ये तिला सोडून दिलं. वय वर्षं अठ्ठावीस. शिक्का काय? बेभरवशाची!

आता माझी गोष्ट. पहिल्या नोकरीत आमच्या टीममध्ये एक सीनियर होती. प्रेझेंटेशन द्यावं तर तिनंच. क्लायंट खूश, बॉस खूश. पण सकाळी कायम लेट. आम्ही ज्युनियर्सनी त्याचा खेळच केला होता. आज किती वाजता येणार यावर कटिंगची पैज लागायची. मी बऱ्याचदा जिंकायचे, आणि त्याचा मला अभिमानही होता! एक दिवस तिनं राजीनामा दिला. आम्ही केक कापला, कार्डावर सह्या केल्या, विषय संपला.

दोन वर्षांनी दादर स्टेशनच्या पुलावर ती भेटली. चहा प्यायलो. मी आपलं सहज म्हटलं, “काय तेव्हा उशिरा यायचीस गं तू!” तर ती हसली. म्हणाली, “अगं, तेव्हा सात-आठ महिने मला झोपच नव्हती. पहाटे चारला डोळा लागायचा. कुणाकुणाच्या सांगण्यावरून गोळ्या घ्यायचे, मग सकाळी उठवायचं नाही. ऑफिसला पोचले की कॉफीवर कॉफी.” मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “अप्रेझल जवळ आलं होतं. आणि कुणी विचारलंच नाही गं.”

आत्ता ती छान आहे. नीट डॉक्टर गाठला, उपचार घेतले. तेव्हा गोळी म्हटलं की लगेच व्हिलन, असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. माणूस मशीनसारखा चालावा म्हणून दिलेली गोळी आणि माणूस बरा व्हावा म्हणून दिलेली गोळी, यात फरक आहे. पण त्या पैजांचे कटिंग मला अजून आठवतात.

म्हणूनच पिक्चरमधला एक सीन मला बघवला नाही. जूडी उशिरा येते, धड उभीही राहू शकत नाही, आणि लोक ओरडायला लागतात, हाताला लागेल ते स्टेजवर फेकतात. लंडनमध्ये खरंच तिच्यावर ब्रेडचे तुकडे फेकले गेले होते. आपण लगेच म्हणतो, काय ही माणसं! पण त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते, बाई उशिरा आली होती, त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबरच होतं. आमच्या पैजाही आमच्या बाजूनं बरोबरच होत्या.

पिक्चर परफेक्ट आहे का? नाही. दोन चाहत्यांच्या घरी जाऊन ती ऑम्लेट खाते तो भाग गोड आहे, पण ते चाहते काल्पनिक आहेत. शेवट जरा जास्तच फिल्मी आहे. लंडननंतरही तिनं कार्यक्रम केले, शेवटचा मार्च १९६९ मध्ये कोपनहेगनला. मग २२ जूनला, सत्तेचाळिसावा वाढदिवस होऊन बाराच दिवस झाले असताना, लंडनमध्ये ती गेली. झोपेच्या गोळ्यांचा डोस चुकून जास्त झाला, असा निष्कर्ष निघाला. तिची मुलगी लायझा मिनेलीनं तर या सिनेमाला आपली संमती नाही, असं आधीच जाहीर केलं होतं. तेही लक्षात ठेवूनच बघायला हवा.

पण रेने झेलवेगर! गाणी तिनं स्वतः गायलीत. आवाज हुबेहूब जूडीचा नाही, पण खांदे, हात, ते चटकन येणारं आणि चटकन विझणारं हसू... बस्स! २०२० मध्ये तिला याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मोठेपणी जूडीला जे कधीच मिळालं नाही, ते! आणि एक गंमत सांगू? याच रेनेनं २०१० नंतर साधारण सहा वर्षं सिनेमातून सुट्टी घेतली होती. दमले होते, थांबायची गरज होती, असं तिनं मुलाखतीत सरळ सांगितलं. म्हणजे जिला “आज नाही जमणार” म्हणायची सोयच नव्हती, तिची भूमिका अशा बाईनं केली, जिनं ते म्हणून दाखवलं होतं.

शेवटाकडे एक छोटासा सीन आहे. क्लबमधलं काम सुटलंय. रोझलिन आणि बँडवाला बर्ट तिच्यासाठी केक आणतात. जूडी घाबरत घाबरत एक घास तोंडात घालते आणि बघतच राहते. बास, एवढंच. कुणी तिला वाचवत नाही, कुणी भाषण देत नाही. फक्त कामाच्या ठिकाणची दोन माणसं तिच्यासमोर बसतात आणि तिला खाऊ देतात.

सोमवारी तुमच्याही ऑफिसात कुणीतरी लेट येईल. पैज लावायच्या आधी त्याच्यासाठी एक कटिंग जास्त सांगा. आणि विचारा, “काय रे, झोप होतेय ना नीट?”