गुण येतो म्हणणाऱ्यांना उत्तर

तालुक्याच्या कोणत्याही गावी जाऊन काविळीवर औषध कुठे मिळते असे विचारले, तर सरकारी दवाखान्याआधी दोन-तीन दुसरेच पत्ते हाती पडतात. कुणी नाकात थेंब सोडतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी मंत्र म्हणून कावीळ उतरवतो. त्याच दारात पुढे मुतखडा, लकवा, शुगर आणि कॅन्सरचे रुग्णही रांगेला लागतात. उपचार करणाऱ्याकडे पदवी नसते, कोणत्याही परिषदेची नोंदणी नसते आणि दिलेल्या औषधाचा कागद नसतो. अशा माणसांनी गंभीर आजाराला हात लावता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यांची बाजू घेणारे सगळेच अडाणी नाहीत. त्यात शिकलेले आहेत आणि पोळलेलेही आहेत. म्हणून त्यांचा एकेक मुद्दा घेऊनच उत्तर दिले पाहिजे.

पहिला मुद्दा नेहमीचा : ‘पण गुण येतो ना!’ येतो. तो कशाने येतो, ते पाहू. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटीस ‘ए’ची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी होते, नाही घातली तरी होते. ती माळ रोज वाढते आणि कावीळ तिच्यात उतरते, असे सांगतात. प्रत्यक्षात मुळ्यांचे ओले तुकडे दोऱ्याच्या फासात गुंफलेले असतात. ते वाळून आकसले की फास सैल पडतात आणि माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यात घातली, किंवा खुंटीला टांगून ठेवली, तरी लांबेल. मंत्र म्हणत रुग्णाचे हात धुताना पाणी पिवळे होते तेही असेच. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळलेला असतो आणि भांड्यात चुन्याची निवळी असते.

पण पिवळे डोळे म्हणजे एकच आजार नव्हे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, लेप्टोस्पायरोसिस, स्वादुपिंडाची गाठ, निकामी होत चाललेले यकृत, या सगळ्यांत डोळे पिवळेच दिसतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटीस ‘ई’ झाला, तर चार-पाच जणींमागे एकीचा जीव जाऊ शकतो. माळ घालणाऱ्याला यातला फरक कळत नाही. त्याच्यापाशी रक्ताची तपासणी नाही आणि सोनोग्राफीही नाही.

सर्पदंशाचे गणित तेच. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. पण चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. म्हणून भगताच्या ओट्यावरून बरेच जण चालत घरी जातात आणि भगताचे नाव होते. त्या नावावर विसंबून मण्यार चावलेला मुलगा तिथे येतो. त्याला दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. बरे झालेले गावभर सांगत फिरतात. गेलेल्याच्या घरचे म्हणतात, त्याचे आयुष्यच तेवढे होते. अशा एकतर्फी हिशेबातून कोणाचाही हातगुण सिद्ध होईल.

दुसरा मुद्दा : ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नाहीत.’ हे खरे नाही. 2008 साली अमेरिकेत इंटरनेटवरून मिळणारी 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले. करोनाच्या काळात, 2020 च्या उत्तरार्धात, मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले निघते, हे गावोगावचे डॉक्टर जाणतात. चार दिवसांत आराम पडतो तो त्याचा. मग चेहरा सुजतो, शुगर चढते आणि पुडी एकदम बंद केली की जिवावर बेतते.

तरी सर्वांत मोठा अपाय औषधाचा नसतोच, तो वाया गेलेल्या वेळेचा असतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असूनही केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या 281 रुग्णांची तुलना रीतसर उपचार घेतलेल्यांशी केली. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून अधिक. स्तनातली लहानशी गाठ वेळेवर काढली तर बरी होऊ शकते. ‘सुई टोचली की पसरतो’ असे सांगून तिच्यावर सहा महिने लेप लावणारा माणूस त्या बाईचा जगण्याचा मार्गच बंद करतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कॅन्सरमुक्तीचे श्रेय हळद, कडुनिंब आणि आहाराला दिले. तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांना, असल्या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका, असे निवेदन काढावे लागले. सिद्धूंच्या पत्नीने शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेतलेली होती, हे मात्र ऐकणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

तिसरा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे : ‘तुम्ही आमच्या परंपरेच्या विरोधात आहात.’ उलट आहे. चरकसंहितेत प्राण राखणारा वैद्य आणि रोग वाढवणारा वैद्य असे दोन प्रकार सांगून दुसऱ्यापासून सावध केले आहे. वैद्याचा नुसता वेश घेणाऱ्यांची तिथे स्वतंत्र नोंद आहे. असाध्य रोग हाती घेऊ नये, हेही तिथलेच सांगणे. परंपरेतले सोने बावनकशी असेल तर ते कसाला उतरेल. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रुग्णांवर शिस्तीने तपासली, नोंदी ठेवल्या आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. रक्तदाबावरचे औषध म्हणून जगाने ती स्वीकारली. जो आपले औषध तपासू देत नाही, त्याने वकिलांच्या सर्पगंधेचा दाखला देऊ नये.

चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे : ‘गरिबाने जायचे कुठे?’ आरोग्य केंद्राला कुलूप असते, खासगी इस्पितळाच्या बिलात शेत जाते, डॉक्टर धड बोलत नाहीत. ही तक्रार खरी आहे आणि वैद्यकीय व्यवसायाने ती मान खाली घालून ऐकली पाहिजे. पण तिच्यातून भोंदूला परवाना मिळत नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाने मरणारी कोकणातली मुले पाहिली. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. गंभीर दंशात शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण एका टक्क्यावर आले. गरिबाला असे आरोग्य केंद्र मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याऐवजी भगत देणे ही त्याची थट्टा आहे.

मग करायचे काय? नवा कायदा नको, आहेत ते वापरा. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याच्या अनुसूचीत 54 आजार आहेत. कॅन्सर, मधुमेह, अपस्मार बरे करण्याच्या जाहिरातींना त्याने बंदी आहे. नोंदणीशिवाय वैद्यकी करणे राज्याच्या 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पेशाने डॉक्टर असलेल्या आणि या कायद्यासाठी झगडलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. इतकी किंमत मोजून मिळालेला कायदा तक्रारीअभावी पडून राहता कामा नये.

तक्रार गावातूनच यायला हवी. ग्रामसभेने ठराव करावा : गावात उपचार करणाऱ्याने नोंदणी क्रमांक दारावर लावावा आणि दिलेल्या औषधाचे नाव कागदावर लिहून द्यावे. जो हे करणार नाही, त्याचे नाव तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी कळवावे. त्याच ठरावात आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आणि रात्रीचा डॉक्टर आहे का, याचा जाबही विचारावा. पॅथी कोणतीही असो, दुसऱ्याचा जीव हाती घेणाऱ्याने आपले नाव, आपले शिक्षण आणि आपले औषध उघड केले पाहिजे. ज्याला हे मान्य नाही, त्याला गंभीर आजारी माणसाच्या जवळ येण्याचा अधिकार नाही.