विश्लेषण : राजघराण्याची घटस्फोटित सून ‘मौन सोडते’ तेव्हा आपण काय वाचतो?

परदेशातल्या एखाद्या राजघराण्यातून बाहेर पडलेली सून मुलाखत देते आणि तासाभरात जालन्यातल्या मोबाइलवर नोटिफिकेशन येते : ‘घटस्फोटावर अखेर मौन सोडले!’ डिजिटल डेस्कवर या शब्दांची ताकद रोज दिसते. शीर्षकात ‘पोटगी’ घातले तर क्लिक कमी, ‘अश्रू’ घातले तर जास्त. माझे मत असे की, अशा स्त्रीने हवे तेवढे बोलावे. चुकतो तो आपला प्रश्न. संसार का मोडला, हे आपण दहादा विचारतो. पुढे ती कशावर जगली, हे एकदाही विचारत नाही.

डायना यांच्या मुलाखतीचे काय झाले?

२० नोव्हेंबर १९९५ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’मध्ये डायना बोलल्या. ब्रिटनमध्ये दोन कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी घटस्फोट झाला आणि ‘हर रॉयल हायनेस’ ही उपाधी गेली. मुलाखत मिळवण्यासाठी पत्रकाराने बनावट बँक स्टेटमेंट वापरल्याचे २०२१ मधील चौकशी अहवालात स्पष्ट झाले. बीबीसीने माफी मागितली, पण तेव्हा डायना यांना जाऊन २४ वर्षे होत आली होती. बोलणारीला किंमत मोजावी लागली, प्रेक्षकसंख्या मात्र वाहिनीच्या खात्यात जमा झाली.

मराठी राजघराण्यात असे घडले आहे का?

बडोद्याचे गायकवाड घराणे पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्येच आपल्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. पहिली पत्नी असताना दुसरा विवाह करण्यासही तिथे पुढे बंदी आली. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी मात्र १९४३ मध्ये, पत्नी शांतादेवी असताना, पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी विवाह केला. कायदा राजाला लागू नाही, असा त्यांचा दावा होता. सीतादेवीही विवाहित होत्या. ब्रिटिश मुलखात हिंदू पत्नीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नसल्याने, पहिल्या विवाहातून सुटण्यासाठी त्यांनी धर्मांतराची वाट धरली.

१९५६ मध्ये त्यांचा प्रतापसिंहरावांशीही घटस्फोट झाला. सीतादेवी युरोपात राहिल्या, १९८५ मध्ये एकुलता मुलगा गमावला आणि १९८९ मध्ये पॅरिसमध्ये वारल्या. आज त्यांचे नाव शोधा : आधी मोत्यांचा हार, मग रोल्स रॉइस, मग २००९ मध्ये दोह्यात लिलाव झालेला मोत्यांचा गालिचा. घटस्फोटानंतरच्या ३३ वर्षांची नोंद आपण दागिन्यांच्या यादीत उरकली. त्यांच्या श्रीमंतीची कीव करण्याचे कारण नाही, पण बाईच्या आयुष्याचा हिशेब असा मांडायचा नसतो.

जालन्याशी याचा काय संबंध?

अंबड, घनसावंगी, मंठा भागातून नवरा-बायको ऊसतोडीला जातात तेव्हा दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो. उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते. फारकत झाली किंवा माहेरी आणून सोडले, की बाईच्या नावावर ना मजुरीची नोंद, ना घर. तिची मुलाखत कोणी घेत नाही. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिची बातमी मात्र होते.

आणि इथे कायदा फारसा कोणाला ठाऊक नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिच्याविषयीचा मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे बेकायदा आहे. अपवाद फक्त न्यायालयाच्या परवानगीने छापलेल्या उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा. दंड हजार रुपयांपर्यंत, म्हणजे आजच्या काळात थट्टाच. हे कलम तिने स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू नये असे सांगत नाही. अर्जातले आरोप चव्हाट्यावर आणणाऱ्या आपल्यासारख्यांना ते रोखते.

पोटगी कशी ठरते?

नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम घालून दिले : पती-पत्नी दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. त्या प्रकरणातील पत्नीने २०१३ मध्ये घर सोडले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. यातला ‘शक्यतो’ हा शब्द तारखांना जाणाऱ्या बायकांना चांगलाच परिचयाचा आहे.

वकिलाची फी नाही म्हणून अर्जच न करणाऱ्याही आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करता येतो.